क्विअर (समलिंगी, ट्रान्स वगैरे) लोकांच्या बैठकीत विकलांग मित्रमैत्रिणींना खरोखर येता यावं म्हणून

आधी जागा टेपने मोजा. ‘रॅम्प आहे’ हे फोनवरचं उत्तर पुरेसं नाही. चढायची उंची एक फूट असेल तर उतार किमान बारा फूट लांब हवा. त्याहून तीव्र असला की व्हीलचेअर ढकलणाऱ्याचा दम जातो आणि उतरताना ती घसरते. दाराची मोकळी रुंदी ८० सेंमीपेक्षा कमी नको, आणि चाकं वळायला दीड मीटरचं वर्तुळ लागतं. स्वच्छतागृहही मोजाच, बहुतेक आयोजक तिथेच फसतात.

मात्र खरी अडचण गुप्ततेची असते. सोबत येणारी मदतनीस बऱ्याचदा घरचीच व्यक्ती असते, आणि आपण क्विअर आहोत हे घरी सांगितलेलंच नसतं. म्हणून निमंत्रणात ‘मित्रमंडळाची बैठक’ एवढंच लिहावं का, कोणत्या नावाने हाक मारावी, हे येणाऱ्या विकलांग व्यक्तीलाच एकटीला विचारा. घरच्यांऐवजी दुसरा मदतनीस देता येत असेल तर द्या, खर्च आयोजकांचा.

सांकेतिक भाषेचे दुभाषी दोन घ्या, दर वीसेक मिनिटांनी त्यांना आलटूनपालटून काम करावं लागतं. कर्णबधिरांचं वर्तुळ लहान, सगळे एकमेकांना ओळखतात. त्यामुळे दुभाष्यांची नावं येणाऱ्यांना आधीच कळवा, नको असलेलं नाव त्यांना नाकारता यावं. बैठकीत येणाऱ्या क्विअर शब्दांची यादी दुभाष्यांना आठवडाभर आधी द्या. त्यांच्यासाठीच्या सांकेतिक भाषेतल्या काही जुन्या खुणा सरळसरळ शिवीवजा असतात.

मानधन? बोलायला बोलावलेल्या विकलांग वक्त्यालाही इतरांइतकंच.