राउटरला क्विक-चेंज चक: बसवायचा कसा, वापरायचा कसा आणि बिट सरकतं का

दाराची चौकट आणि पॅनल राउटर टेबलावर (खाली लाकूड कोरायचं यंत्र, म्हणजे राउटर, उलटं बसवलेलं टेबल) करताना एका कामात तीन-चार वेळा बिट (दांडा आणि पातं असलेलं कापायचं हत्यार) बदलावं लागतं. दर वेळी टेबलाखाली हात घालून दोन पाने पकडायचे, नट सोडवायचा, पुन्हा आवळायचा. क्विक-चेंज चक हा त्रास वाचवतो. राउटरचा मूळ नट आणि कॉलेट (बिटाचा दांडा आवळून धरणारी चिरा असलेली नळी) काढून ठेवायचं आणि त्यांच्या जागी शाफ्टच्या आट्यांवर चक कायमचा बसवायचा. त्यानंतर बिट धरायला-सोडायला चकाच्या अंगातला एकच स्क्रू ॲलन कीने फिरवायचा, तोही टेबलाच्या वरून.

टेबलाला लावलेल्या राउटरसाठी हा खर्च सार्थकी लागतो. हातात धरून चालवायच्या राउटरसाठी मात्र घाई करू नका. चकामुळे बिट पुढे येतं. टेबलाखाली ते फायद्याचं ठरतं, कारण बिट सहज वर येतं. प्लंज राउटरमध्ये (ज्याचं बिट वरून दाबून लाकडात उतरवतात) तीच लांबी खाली दाबायच्या खोलीतून वजा होते. छोट्या ट्रिमरला (एका हातात मावणाऱ्या लहान राउटरला) तर चक नकोच.

घेण्याआधी दोन गोष्टी पाहा. शाफ्टचे आटे आणि निमुळता भाग प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो, म्हणून चक आपल्या राउटरच्या नेमक्या मॉडेलसाठीचाच हवा. बोटांनी फिरवताना दोन फेऱ्यांनंतर अडला तर पाना लावून पुढे रेटू नका. आटे गेले की शाफ्टच बदलावा लागतो. दुसरं म्हणजे चकाचा बाहेरचा व्यास. टेबलाच्या प्लेटमधल्या रिंगमधून तो मोकळा वर आला पाहिजे, नाहीतर वरून की लावण्याचा सगळा फायदाच गेला.

बसवताना

आधी राउटरचा प्लग काढा. टेबलाला वेगळा स्विच असला तरी त्यावर विसंबू नका. शाफ्टचा आतला निमुळता भाग आणि आटे पितळी ब्रशने साफ करा, टर्पेंटाइनमध्ये भिजवलेल्या कापडाने राळ पुसा आणि सगळं कोरडं करा. इथे तेल लावायची सवय असेल तर ती सोडा, कारण पकड घर्षणावर चालते. चक बोटांनी शेवटपर्यंत फिरवून टेकवा आणि मग पान्याने घट्ट करा. शाफ्टवर पाना लावायची सोय असेल तर दोन पाने वापरा. शाफ्ट फिरू न देणाऱ्या शाफ्ट लॉकच्या पिनवर सगळा जोर टाकला तर ती वाकते.

आता रनआउट, म्हणजे फिरताना बिट मध्यापासून किती डगमगतं ते, मोजा. यात एक क्रम पाळला तर पुढचा गोंधळ वाचतो: चक बसवण्याआधी मूळ कॉलेटमध्ये सरळ, गुळगुळीत रॉड धरून तोंडापासून २५ मिमीवर डायल गेजचं (सुईने बारीक फरक दाखवणाऱ्या मापकाचं) माप घेऊन ठेवा. चक बसवल्यावर तोच रॉड, तोंडापासून तेच २५ मिमी अंतर, शाफ्ट हाताने एक पूर्ण फेरा. सुई ०.०५ मिमीच्या आत फिरली तर उत्तम. ०.१ मिमीच्या पुढे गेली तर चक काढून निमुळता भाग पुन्हा साफ करा. बहुतेकदा तिथे भुशाचा एखादा कण दबलेला सापडतो. मूळ कॉलेटनेही तेवढंच माप दिलं असेल तर दोष चकाचा नाही, बेअरिंग तपासा. टेबलाची प्लेट ॲल्युमिनियमची असेल तर गेजचं चुंबक तिला चिकटत नाही. खाली लोखंडी पट्टी क्लॅम्प करावी लागते.

बिट बदलताना

प्लग काढा, राउटर पूर्ण वर घ्या, ब्रशने चकावरचा भुसा झटका. की लावून स्क्रू सैल करा आणि बिट कापडात धरून उचला. ते तापलेलं असतं आणि धार असतेच. चकाच्या भोकात फुंकर मारण्यापेक्षा बारीक ब्रश फिरवा. नव्या बिटाचा दांडा पुसा, आत तळापर्यंत सोडा आणि २ ते ३ मिमी वर उचला. तळाशी साचलेल्या भुशावर दांडा टेकला तर बिट तिरकं बसतं, शिवाय दांडा आणि पातं यांमधला गोलवा चकाच्या तोंडात अडकू शकतो. दर वेळी २-३ मिमी अंदाजाने उचलायचं नसेल तर भोकाच्या तळाशी रबरी ओ-रिंग टाकून ठेवा. बिट तिच्यावर अलगद टेकतं.

१२.७ मिमी दांडा किमान २० मिमी तरी आत हवा. काही बिटांवर खूण कोरलेली असते. ती चकाच्या आत गेली पाहिजे. मग टी-हँडलच्या ॲलन कीने, फक्त मनगटाच्या जोरावर, घट्ट करा. हँडलला पाइप लावून जोर वाढवू नका. त्याने स्क्रूचं षटकोनी तोंड गोल होतं आणि दांड्यावर खड्डे पडतात. बिट ओढून पाहा. की प्लगच्या वायरलाच बांधून ठेवा, म्हणजे ती चकात राहून प्लग लागणार नाही.

वेग बदलायला विसरू नका. बिट पटकन बदलतं, त्यामुळे ही चूक उलट वाढते. २५ मिमी व्यासापर्यंत मिनिटाला २४,००० फेरे चालतात, ५० मिमीपर्यंत १८,०००, ६५ मिमीपर्यंत १६,०००, आणि पॅनलच्या ७५-९० मिमी बिटाला १२,००० च्या वर नेऊ नका. बिटावर यापेक्षा कमी आकडा छापला असेल तर तोच पाळा. चकामुळे मोठं बिट बेअरिंगपासून आणखी दूर जातं, म्हणून पॅनलची कड एका झटक्यात न काढता तीन-चार वेळा थोडी थोडी काढा.

बिट सरकतंय का

खाच सुरुवातीला ८ मिमी खोल आणि फळीच्या शेवटी ९ मिमी निघाली, तर बिट वर सरकतंय. वर ओढणाऱ्या स्पायरल बिटांत हे जास्त होतं. खात्री करायची सोपी युक्ती: बिट आवळल्यावर मार्करने दांडा आणि चक यांवरून एक सलग उभी रेघ ओढा, टाकाऊ तुकड्यावर मिनिटभर कापा, प्लग काढून रेघ पाहा. रेघ बाजूला तुटली असेल तर बिट आत फिरलं, तिच्यात वरखाली फट पडली असेल तर ते सरकलं. दांड्यावर तपकिरी-काळे चट्टे दिसले तर तोही घसरण्याचाच पुरावा. बारीक उंचवटे ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने काढा. खोल ओरखडे असलेलं बिट फेकून द्या, ते चकाचं भोकही खराब करतं.

घसरण्याचं आणखी एक कारण मापातली गफलत. १२ मिमीचा दांडा १२.७ च्या भोकात सहज जातो आणि स्क्रू आवळल्यावर घट्टही वाटतो, पण पकड पूर्ण गोलाईवर बसत नाही. ६ आणि ६.३५ चंही तसंच. लहान दांड्यासाठी स्लीव्ह (दांडा आणि भोक यांमधली फट भरणारी नळी) मिळते, पण आणखी एक जोड म्हणजे आणखी थोडं रनआउट. बारीक बिटांचंच काम दिवसभर असेल तर चक काढून मूळ कॉलेट लावा.

चक स्वतःच सैल होतोय का, हेही अधूनमधून पाहा. कापतानाचा भार आटे घट्ट करतो. अचानक थांबणं मात्र उलट्या दिशेने झटका देतं. इलेक्ट्रॉनिक ब्रेक असलेल्या राउटरवर म्हणून पहिल्या अर्ध्या तासाच्या कामानंतर आणि पुढे दर आठवड्याला चकावर पाना लावून तपासा.