इंजिन ऑइल कधी बदलायचं? या चुका टाळा

सर्व्हिस झाली की गाडीला स्टिकर लागतो: पुढचं ऑइल अमुक किलोमीटरला. मग वर्षभर मालकाची नजर त्याच आकड्यावर असते. आपल्याकडच्या बऱ्याचशा पेट्रोल गाड्यांचं मॅन्युअल सांगतं की १०,००० किलोमीटर किंवा १२ महिने, यांपैकी जे आधी होईल तेव्हा ऑइल बदला. यातलं ‘१२ महिने’ कुणाच्या लक्षातच राहत नाही, आणि पुढची बरीच दुखणी तिथूनच सुरू होतात.

फक्त किलोमीटर बघणं

ऑइल किती थकलं हे इंजिन किती तास चाललं आणि कसं चाललं यावर ठरतं. ते तास ओडोमीटर दाखवत नाही. पुणे-सातारा रस्त्यावर सरासरी ताशी ७० ने धावणारी गाडी १०,००० किलोमीटर साधारण १४३ तासांत पूर्ण करते. तीच गाडी रोज हिंजवडीच्या रांगेत सरासरी २० ने सरकत असेल तर तेवढ्याच अंतराला ५०० तास लागतात. आकडा एकच, पण ऑइलवर साडेतीन पट तासांचा भार.

कमी चालणाऱ्या गाडीचं गणित आणखी फसवं आहे. घर ते स्टेशन दोन-तीन किलोमीटरच्या फेरीत ऑइल पुरतं तापतच नाही. थंड इंजिनात थोडं न जळलेलं पेट्रोल आणि पाण्याची वाफ पिस्टन रिंगमधून खाली ऑइलमध्ये उतरते. लांब पल्ल्यात ऑइल नीट तापलं की ती उडून जाते, छोट्या फेऱ्यांत साठत राहते. त्यातून आम्ल आणि चिकट गाळ तयार होतो. म्हणून वर्षात ३,००० किलोमीटरच चाललेल्या गाडीचंही ऑइल १२ महिन्यांनी बदलायलाच हवं.

मॅन्युअलमध्ये नेहमीच्या तक्त्यापुढे खडतर वापराचा वेगळा तक्ता असतो. छोट्या फेऱ्या, सतत थांबत-चालत प्रवास, धुळीचे रस्ते, उभ्या गाडीत एसीसाठी इंजिन चालू ठेवणं, हे सगळं त्यात येतं. तिथली मुदत बऱ्याचदा निम्म्यावर येते, म्हणजे ५,००० किलोमीटर किंवा ६ महिने. तुमच्या मॉडेलचा नेमका आकडा तिथेच बघा. मुंबई-पुण्यातल्या कितीतरी गाड्या या दुसऱ्या तक्त्यात बसतात, पण सर्व्हिस पहिल्या तक्त्याने होते.

रंग बघून ठरवणं

डिझेल गाडीचं नवं ऑइल थोडं चालवल्यावरच काळं पडतं. काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. उलट सीएनजीवर काजळी फार कमी होते, त्यामुळे ऑइल महिनोन्‌महिने स्वच्छ दिसतं; आत मात्र उष्णतेने त्यातली रसायनं खर्च होत असतात. बोटावर घेऊन बघितलेला रंग या दोन्ही गाड्यांत काही सांगत नाही.

बीएस-६ (सध्याचे प्रदूषण नियम पाळणाऱ्या) डिझेलवाल्यांनी डिपस्टिकवर, म्हणजे ऑइल मोजायच्या मिन-मॅक्स खुणांच्या पट्टीवर, लेव्हल *वाढतेय* का, हेही बघावं. शहरातल्या छोट्या फेऱ्यांमुळे डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) साफ होण्याची, म्हणजे साठलेली काजळी जाळण्याची प्रक्रिया अर्धवट राहते, आणि त्यासाठी सोडलेलं जादा डिझेल काही गाड्यांत ऑइलमध्ये उतरतं. पातळ झालेलं ऑइल बेअरिंग झिजवतं. लेव्हल मॅक्सच्या वर गेली असेल तर मुदतीची वाट न बघता ऑइल बदला.

‘आपल्याकडे उन्हाळा कडक, जाड ऑइल घाला’

हा सल्ला जुन्या इंजिनांच्या काळातला आहे. ऑइल किती जाड हे कॅनवरच्या ग्रेडवरून कळतं; आकडे जितके लहान तितकं ते पातळ. आजची अनेक पेट्रोल इंजिनं ०डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-३० साठी, काही तर ०डब्ल्यू-१६ साठी बनलेली असतात. त्यात २०डब्ल्यू-५० घातलं तर सकाळी पहिल्या स्टार्टला ऑइल वर पोचायला उशीर होतो, व्हॉल्व्ह टायमिंगची यंत्रणा अडखळते आणि मायलेजही घटतं. डीपीएफवाल्या डिझेलला कमी राख होणारं ऑइलच लागतं. मॅन्युअलमध्ये सी२, सी३ (अशा ऑइलचे दर्जे) असं लिहिलेलं असेल तर कॅनवर तेच शोधा. चुकीच्या ऑइलची राख डीपीएफमध्ये कायमची बसते. सीलबंद कॅन स्वतःच्या समोर उघडून घ्या.

‘थोडं जास्त असलेलं बरं’

१.२ लिटरच्या पेट्रोल इंजिनाला फिल्टरसह साधारण ३ ते ३.५ लिटर ऑइल लागतं. ४ लिटरचा कॅन आहे म्हणून सगळा ओतायचा नाही. लेव्हल फार वर गेली तर क्रँकशाफ्ट ऑइल घुसळतो, फेस होतो आणि पंप ऑइलबरोबर हवाही ओढतो. फेसाळलेल्या ऑइलला दाब धरता येत नाही. लागणाऱ्या मापापेक्षा पाव लिटर कमी ओता, इंजिन मिनिटभर चालवा, बंद करून सपाट जागी पाच-दहा मिनिटं थांबा, मग डिपस्टिक पुसून पुन्हा घाला आणि बघा. मॅक्सच्या किंचित खाली आलं की पुरे.

ऑइल नवं, फिल्टर जुना

ऑइल फिल्टर दरवेळी बदलायचा. जुना काढताना त्याची रबरी रिंग इंजिनालाच चिकटून राहिली नाही ना, हे हात फिरवून तपासा. तिच्यावर दुसरी रिंग बसली तर सील दाबाखाली सुटतं आणि काही मिनिटांत सगळं ऑइल रस्त्यावर येऊ शकतं. नव्या रिंगला बोटाने ऑइल लावा. रिंग टेकल्यावर हाताने साधारण पाऊण फेरा द्या. पाना लावून आवळू नका.

ड्रेन प्लगचा (ऑइल काढायच्या खालच्या बोल्टचा) वॉशरही नवाच घाला, तो स्वस्त असतो. गळती थांबावी म्हणून जोर लावून आवळला की ॲल्युमिनियमच्या संपचे (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याचे) आटे जातात, आणि मग खर्च वॉशरच्या कितीतरी पट होतो. ऑइल काढताना इंजिन कोमट असावं आणि दहा-पंधरा मिनिटं निथळू द्यावं.

लाल दिव्याची वाट बघणं

डॅशबोर्डवरचा तेलाच्या बुधलीचा लाल दिवा सहसा दाब पडल्याचा असतो. तो लागतो तोवर लेव्हल धोक्याच्या खाली गेलेली असू शकते. दिवा लागला तर सुरक्षित जागा बघून लगेच इंजिन बंद करा, ‘पुढच्या गॅरेजपर्यंत’ नेऊ नका. महिन्यातून एकदा, आणि लांबच्या प्रवासाआधी डिपस्टिक बघितली तर ही वेळ सहसा येत नाही. टॉप-अप केलं म्हणजे ऑइल बदललं असं मात्र होत नाही. जुना गाळ आणि आम्ल तसंच राहतं.

पावसाळ्यात गाडी तुंबलेल्या पाण्यात बंद पडली तर पुन्हा स्टार्ट मारू नका, टो करून न्या. डिपस्टिकवर दुधाळ ऑइल दिसलं तर पाणी आत गेलंय. आधी सिलिंडरमधलं पाणी काढून घ्या, मग ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदला, आणि त्यानंतर काहीशे किलोमीटरमध्येच पुन्हा एकदा बदला.