वर्कर्स कॉम्प क्लेमचे ईडीआय रिपोर्ट का रिजेक्ट होतात आणि ते कसे सोडवायचे

अमेरिकेत कामावर कुणाला इजा झाली की भरपाईचा, म्हणजे वर्कर्स कॉम्पचा, क्लेम उभा राहतो. मग बऱ्याच राज्यांत विमा कंपनीला, किंवा तिच्यासाठी क्लेम हाताळणाऱ्या ॲडमिनिस्ट्रेटरला, राज्याकडे ईडीआयने, म्हणजे ठरलेल्या साच्यातल्या संगणकीय फाइलने, रिपोर्ट पाठवावे लागतात. आधी एफआरओआय, म्हणजे इजेचा पहिला रिपोर्ट. मग भरपाईचे पैसे सुरू झाले, थांबले, बदलले की एसआरओआय, म्हणजे त्यानंतरचा रिपोर्ट. साचा आयएआयएबीसी या संस्थेचा, पण कुठे त्याची आवृत्ती, म्हणजे रिलीज, १ चालतो, कुठे ३, कुठे ३.१. शिवाय प्रत्येक राज्याचे तीन तक्ते वेगळे: कोणत्या घटनेला कोणता रिपोर्ट, त्यात कोणती माहिती सक्तीची आणि ती कशी तपासली जाणार. ज्या राज्याचा क्लेम त्याच राज्याचे चालू तक्ते उघडून बसा. शेजारच्या राज्यात चाललं म्हणून इथेही चालेल, हे धरून बऱ्याच चुका होतात.

फाइल गेली की काम संपलं असं समजू नका. राज्याकडून आलेली पोच उघडा. टीए म्हणजे स्वीकारला. टीई म्हणजे स्वीकारला, पण चुकांसह. टीआर म्हणजे परत, आणि टीआर झालेला रिपोर्ट राज्याच्या लेखी आलेलाच नसतो. मुदत मागे लागलेलीच राहते. कॅलिफोर्नियात क्लेमची माहिती मिळाल्यापासून कामकाजाच्या १० दिवसांत एफआरओआय जावा लागतो. नवव्या दिवशी पाठवून पंधराव्या दिवशी टीआरची पोच पाहिली, तर तो रिपोर्ट उशिराचाच. पोच रोज बघायचं काम एका माणसाच्या नावावर टाका.

टीआर दुरुस्त करून त्याच एमटीसी कोडने, म्हणजे रिपोर्टचा प्रकार सांगणाऱ्या कोडने, पुन्हा पाठवायचा. टीईची दुरुस्ती, राज्य घेत असेल तर, सीओ कोडने जाते. क्लेममधली माहितीच नंतर बदलली असेल तर ०२. टीआरवर ०२ पाठवला तर बदलायला राज्याकडे काही नसतंच, त्यामुळे तोही परत येतो.

पोचेतला त्रुटी क्रमांक सरळ बोलतो. ००१: सक्तीची माहिती रिकामी. ०५८: कोड चुकीचा. ०५७: तोच रिपोर्ट दुसऱ्यांदा. ०३९: डेटाबेसमध्ये जुळणी नाही. ०६३: घटनांचा क्रम चुकला. पहिले दोन पाच मिनिटांत सुटतात. ०३९ आणि ०६३ आले की समोरच्या रिपोर्टमध्ये चूक शोधत बसू नका. ती बहुधा आधीच्या रिपोर्टमध्ये असते. एफआरओआय ००, म्हणजे मूळ पहिला रिपोर्ट, टीआर झालेला असतो, कुणाच्या लक्षात येत नाही, आणि मागून पहिल्या पेमेंटचा आयपी जातो. पैसे थांबवल्याचा एस१ गेलेला नसताना पुन्हा सुरू केल्याचा आरबी पाठवला, तरी तेच होतं. म्हणून क्लेमचे आतापर्यंतचे सगळे रिपोर्ट आणि त्यांच्या पोचा तारखेने लावा, शेवटचा टीए शोधा आणि तिथून पुढे या.

पोचेत राज्याने दिलेला क्लेम क्रमांक, जेसीएन, येतो. तो लगेच सिस्टीममध्ये चढवा. दुसऱ्या ॲडमिनिस्ट्रेटरकडून क्लेम तुमच्याकडे आला असेल तर आधी तो ताब्यात घेतल्याचा एक्यू. राज्याकडे त्या क्लेमची नोंदच नाही म्हणून तो परत आला, तर सगळी माहिती भरून एयू.

आता रकमा. इथे सर्वात जास्त काळजी घ्या, कारण रकमेतली चूक कधी कधी तपासणीतून सुटते आणि खोटा आकडा नोंदीत बसतो. रकमेच्या ११ अंकी जागेत दशांश चिन्ह लिहायचं नसतं, शेवटचे दोन अंक सेंटचे धरले जातात. ४५० डॉलर म्हणजे ००००००४५०००, असे सलग ११ अंक होईपर्यंत डावीकडे शून्यं. शेवटची दोन शून्यं विसरली की तेच साडेचार डॉलर होतात.

बेनिफिटच्या तारखा, आठवडे-दिवस आणि रक्कम यांचा मेळही बसला पाहिजे. आठवड्याचा दर ४०० डॉलर, २ आठवडे ३ दिवस दिले, सात दिवसांचा आठवडा: ८०० अधिक १७१.४३, एकूण ९७१.४३. इथे मेळ तुटतो तो बहुधा वेटिंग पीरियडमुळे, म्हणजे सुरुवातीच्या बिनपैशाच्या दिवसांमुळे. कॅलिफोर्नियात पहिले ३ दिवस सहसा सुटतात, पण काम १४ दिवसांहून जास्त बुडालं तर तेही द्यावे लागतात. मग सुरुवातीची तारीख मागे सरकते आणि दिवसांचा आकडा मात्र कुणी वाढवत नाही.

इजेचे तीन कोड, स्वरूप, अवयव आणि कारण, एकत्र वाचून बघा. ओझं उचलताना कंबर धरली तर ५२, ४२, ५६. अंगठ्याला ३७ हा स्वतःचा कोड आहे, तो बोटांच्या ३६ मध्ये ढकलू नका. अनेक अवयवांचा ९० हा सोयीचा म्हणून टाकू नका. त्या माणसाला नेमकं कुठे लागलं, ते त्या नोंदीतून गायब होतं.

मालकाचा एफईआयएन (कर क्रमांक) आणि कामगाराचा एसएसएन (सोशल सिक्युरिटी क्रमांक) ९ अंकी, मध्ये रेघ नाही. एसएसएन नसेल तर आकडे बनवून टाकू नका. रिलीज ३ मध्ये पासपोर्ट, ग्रीन कार्ड, व्हिसा किंवा राज्याने दिलेला क्रमांक चालतो, त्यासोबत ओळखीच्या प्रकाराचं अक्षर बदलायला हवं. राज्य यातलं काय घेतं ते त्याच्या तक्त्यात असतं.