जुनी गाडी घाटात दम टाकते? निदान करताना या चुका टाळा

वीस-पंचवीस वर्षांची पेट्रोल गाडी पुण्याच्या पेठांतून, सिग्नलमागून सिग्नल पार करत, बरी चालते. मात्र जुन्या सातारा रस्त्याने कात्रजचा घाट लागला की एक्सलरेटर दाबूनही उचलत नाही, गचके देते आणि शेवटी दुसऱ्या गिअरवर येते. अशा वेळी मालकाच्या मनात पहिली शंका येते ती इंजिन बसल्याची. प्रत्यक्षात इंजिन अनेकदा शाबूत असते आणि इंधन, ठिणगी किंवा हवा यांपैकी एकीच्या वाटेत कुठेतरी अडथळा असतो. तो शोधण्याआधीच पार्ट बदलायला घेतले की खर्च वाढतो आणि दोष जागच्या जागी राहतो.

“पिकअप गेला आहे” एवढेच सांगून किल्ली मेकॅनिकच्या हातात देणे, ही माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक आहे, कारण या शब्दांत किमान तीन वेगवेगळ्या तक्रारी दडलेल्या असतात. पाय दाबताच गाडी क्षणभर अडखळते आणि मग नीट पळते, ही एक तक्रार. सुरुवातीला चांगली चढणारी गाडी दोन-तीन मिनिटांच्या सलग चढानंतर हळूहळू मरगळते, ही दुसरी. आणि इंजिनाचा आवाज चढतो पण गाडीचा वेग वाढत नाही, ही तिसरी. पहिलीत व्हॅक्यूमची गळती (इंजिन हवा ओढते त्या वाटेत चिरेतून बाहेरची हवा शिरणे), कार्बोरेटरचा एक्सलरेटर पंप (पाय दाबताच जादा पेट्रोल देणारा) किंवा ठिणगीचे टायमिंग पाहावे. दुसरीत इंधनाचा पुरवठा किंवा तुंबलेला सायलेन्सर. तिसरीचा तर इंजिनाशी संबंधच नसतो, तिथे क्लच स्लिप होत असतो. म्हणून इंजिन गार होते की गरम, कोणता गिअर होता, टाकीत पेट्रोल किती होते आणि एसी चालू होता का, हे आठवडाभर वहीत लिहून मगच गॅरेजची पायरी चढावी.

मी स्वतः हे केले नव्हते. माझ्या 1997 सालच्या कार्बोरेटरच्या गाडीची तक्रार दुसऱ्या प्रकारची होती, पण मी पिकअप हाच शब्द वापरला आणि गॅरेजमध्ये एकाच दिवशी प्लग, प्लगच्या वायरी आणि डिस्ट्रिब्युटरची कॅप बदलून कार्बोरेटरही उघडला गेला. पुढच्याच रविवारी घाटात गाडीने पुन्हा दम टाकला. त्यानंतर नाना पेठेतून पारदर्शक इंधन फिल्टर आणून बसवला, बॉनेट उघडे ठेवून इंजिन चालू केले आणि एक्सलरेटर थोडा ओढून धरला, तेव्हा फिल्टरमध्ये पेट्रोलाबरोबर बारीक बुडबुड्यांची अखंड माळ येताना दिसली. टाकीजवळच्या रबरी होजला क्लिपच्या कडेला केसाएवढी चीर पडली होती. त्या गाडीचा पंप इंजिनावर बसवलेला असल्यामुळे टाकीपासूनचे पेट्रोल ओढून घेतले जाते. त्यामुळे चिरेतून पेट्रोल बाहेर न ठिबकता हवा आत जात होती, आणि होज बाहेरून अगदी कोरडी होती. वीतभर होज बदलल्यावर गाडी तिसऱ्या गिअरवर घाट चढली. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि मग त्याच चढावर गाडी पुन्हा चालवून पाहावी, हा नियम मी तेव्हापासून पाळतो.

कार्बोरेटर असलेल्या गाडीत मिक्श्चरचा स्क्रू फिरवत बसण्याची सवयही सोडावी, कारण तो स्क्रू मुख्यतः आयडलचे, म्हणजे पाय न दाबता इंजिन नुसते चालू असतानाचे, हवा-पेट्रोलचे मिश्रण ठरवतो. चढावरचे पेट्रोल मुख्य जेटमधून येते. पाय दाबताच अडखळणाऱ्या गाडीत इंजिन बंद व गार असताना एअर फिल्टर काढावा आणि कार्बोरेटरच्या तोंडातून आत पाहत थ्रॉटल हाताने झटकन उघडावा: त्याच क्षणी पेट्रोलची बारीक, सरळ धार दिसायला हवी. ती उशिरा किंवा तुटक आली, तर एक्सलरेटर पंपाचा पडदा किंवा त्याची वाट तपासावी.

एमपीएफआय, म्हणजे कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल देणाऱ्या, गाड्यांत वेगळी चूक होते. स्कॅनरवर मिश्रण पातळ (हवा जास्त, पेट्रोल कमी) असल्याचा कोड आला की ऑक्सिजन सेन्सर बदलला जातो, पण सेन्सर कित्येकदा खरेच सांगत असतो: इनटेकजवळचा रबरी पाइप तडकलेला असतो किंवा इंधनाचा दाब कमी पडत असतो. दाब गेजने मोजावा, आणि तोही इंजिनावर भार असताना, कारण थकलेला पंप आयडलला पुरेसा दाब देतो आणि चढावर मागे पडतो. वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी न बनवलेल्या जुन्या गाडीत रबरी होज आणि सील यांकडे विशेष लक्ष द्यावे. इथेनॉल पाणी शोषून घेते आणि टाकीतला जुना गाळ सुटून फिल्टरमध्ये येऊ शकतो.

इंजिनाची हवा ओढण्याची ताकद मोजणारा व्हॅक्यूम गेज हे स्वस्त आणि फार उपयोगी साधन आहे, मात्र त्याचे आकडे पुण्याच्या उंचीला धरून वाचावेत. समुद्रसपाटीला निरोगी इंजिन आयडलवर साधारण 17 ते 21 इंच (पाऱ्याच्या स्तंभाचे) दाखवते आणि दर हजार फुटांना सुमारे एक इंच कमी होतो. पुणे सुमारे 560 मीटर, म्हणजे अठराशे फुटांवर असल्यामुळे इथे 16 इंचांवर काटा स्थिर असेल, तर घाबरण्याचे कारण नाही. इंजिन 2500 आरपीएमवर धरून ठेवल्यावर काटा हळूहळू खाली येत राहिला, तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा भाग) किंवा सायलेन्सर तुंबल्याची दाट शंका घ्यावी.

मिसिंग, म्हणजे कोणत्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट जळत नाही हे, शोधण्यासाठी चालू इंजिनाच्या प्लगच्या वायरी एकेक करून उपटणे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असलेल्या गाडीत टाळावे, कारण न जळलेले पेट्रोल त्यात जाऊन तो तापतो आणि खराब होतो. गळती शोधण्यासाठी गरम इंजिनावर पेट्रोल शिंपडणे तर सरळसरळ आगीला आमंत्रण आहे. शिवाय चाके हाताने फिरवून पाहावीत. चिकटलेला ब्रेकही गाडीला ओढून धरतो आणि दोष इंजिनाच्या माथी येतो.

हे सर्व ठीक निघाले तरच कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, तपासावे. एखाद्या सिलिंडरचा दाब इतरांपेक्षा बराच कमी आला, तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजावे: दाब वाढला तर पिस्टनच्या रिंग झिजल्या आहेत, वाढला नाही तर व्हॉल्व्ह नीट बसत नाही, आणि शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी आले तर हेड गॅस्केट पाहावे.