पशुखाद्यातील लोहपूरक सुरक्षित आहे का, हे कसे तपासावे

पशुखाद्यात घालायच्या लोहपूरकाची तपासणी पुष्कळदा पूरकाच्या पिशवीपासून सुरू होते. ती जनावराच्या गव्हाणीपासून सुरू व्हायला हवी. दुभत्या गाईची लोहाची गरज कोरड्या आहाराच्या (ओलावा वगळून मोजलेल्या आहाराच्या) किलोमागे ५० मिलिग्रॅमच्या आतच असते आणि बहुतेक चारा एकट्यानेच ती भागवतो. म्हणून आधी चारा, खुराक, खनिज मिश्रण आणि पाणी या चारही वाटांनी दिवसाला किती लोह पोटात जाते, याची बेरीज मांडावी.

उदाहरणार्थ, दिवसाला १२ किलो कोरडा आहार खाणारी आणि ६० लिटर पाणी पिणारी गाय घेऊ. भारतीय मानकाप्रमाणे ०.४ टक्के लोह असलेले खनिज मिश्रण तिला ५० ग्रॅम दिले, तर त्यातून २०० मिलिग्रॅम, म्हणजे आहाराच्या किलोमागे जेमतेम १७ मिलिग्रॅम लोह मिळते. बोअरच्या पाण्यात लिटरला ३ मिलिग्रॅम लोह असेल, तर तेवढ्यानेच आणखी १८० मिलिग्रॅमची भर पडते, आणि पाण्यातले विरघळलेले लोह चाऱ्यातल्या लोहापेक्षा सहज शोषले जाते. सर्वांत मोठा आकडा मात्र मातीचा निघतो. पाच टक्के लोह असलेली काळी माती चाऱ्यात शेकडा एक जरी मिसळलेली असली, तरी किलोमागे ५०० मिलिग्रॅम लोह वाढते. हे लोह बरेचसे न विरघळणारे असते हे खरे. पण मुरघासाच्या आम्लात त्याचा काही भाग विरघळतो, त्यामुळे ते हिशेबातून वगळू नये. कॅल्शियम-फॉस्फरससाठी खाद्यात घालतात त्या डायकॅल्शियम फॉस्फेटमध्येही बरेच लोह असते आणि लेबलवर त्याचा उल्लेख सहसा नसतो. ते प्रयोगशाळेतूनच मोजून घ्यावे.

ही बेरीज मर्यादेशी ताडून पाहताना आर्द्रतेकडे लक्ष द्यावे. युरोपीय संघाच्या २०१७ च्या नियमानुसार गोवर्गीय जनावरे आणि कोंबड्या यांच्या संपूर्ण आहारात किलोमागे ४५० मिलिग्रॅम, तर मेंढ्यांच्या आहारात ५०० मिलिग्रॅम एकूण लोह चालते. मात्र हे आकडे १२ टक्के ओलावा असलेल्या खाद्याचे आहेत. कोरड्या वजनावर ४५० चे सुमारे ५११ होतात, आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २००५ साली गाईंसाठी दिलेली सह्यमर्यादा कोरड्या वजनावर ५०० आहे. दोन्ही आकडे इतके जवळ येतात, हे आश्वासक आहे. तरीही ही मर्यादा म्हणजे गाठायचे उद्दिष्ट नव्हे. किलोमागे २५० ते ५०० मिलिग्रॅम लोहानेही गाईच्या शरीरातील तांबे घटल्याचे प्रयोगांत दिसले आहे. पोटात लोहाचे गंधकाशी संयुग होते, पुढे आम्लात ते फुटते आणि मोकळा झालेला गंधक तांब्याला बांधून ठेवतो. त्यामुळे जास्तीच्या लोहाची पहिली खूण कातडीवर उमटते: केसांची चमक जाते, काळ्या म्हशीवर तांबूस झाक येते, डोळ्यांभोवतीचे केस फिके पडतात. अशा कळपात लोह वाढवण्याआधी यकृतातील तांबे तपासून घेणे, हे मी सर्वांत महत्त्वाचे मानतो.

डुकराच्या पिल्लांचे गणित उलटे आहे. ती सुमारे ५० मिलिग्रॅम साठा घेऊन जन्मतात, त्यांची रोजची गरज ७ मिलिग्रॅमच्या आसपास असते आणि आईच्या दुधातून मिळते फक्त एक. तिथे लोह द्यावेच लागते. फक्त ई जीवनसत्त्व किंवा सेलेनियम कमी असलेल्या पिल्लांना लोहाचे इंजेक्शन जीवघेणे ठरू शकते, एवढे पशुवैद्यकाशी बोलून घ्यावे.

यानंतर पूरकाचे रूप पाहावे. हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, दोन रूपांत येते: सात रेणू पाणी असलेल्या हिरवट खड्यांत सुमारे २० टक्के लोह असते, तर एक रेणू पाणी असलेल्या भुकटीत सुमारे ३० टक्के. पहिल्यासाठी लिहिलेल्या सूत्रात तितक्याच वजनाने दुसरे घातले, तर मात्रा दीडपट होते. लेबलवर नुसते ‘फेरस सल्फेट’ लिहिलेले असेल, तर लोहाचे प्रमाण विचारल्याशिवाय वापरू नये. मिश्रणाला लाल रंग देणारे आयर्न ऑक्साइड जवळजवळ शोषले जात नाही, त्यामुळे त्याला लोहाचा स्रोत समजू नये. सरकी पेंड वापरून कोंबडीखाद्य करणारे गॉसिपॉल (सरकीतील विषारी द्रव्य) बांधण्यासाठी मुक्त गॉसिपॉलच्या वजनाइतके लोह हिराकसातून घालतात. तेही वरच्या बेरजेत धरावे.

हिराकस पुष्कळदा टायटॅनियम डायऑक्साइडच्या किंवा पोलाद धुण्याच्या प्रक्रियेतून उपउत्पादन म्हणून मिळते, म्हणून जड धातूंचा अहवाल प्रत्येक खेपेचा, खेप क्रमांकासह मागावा. युरोपात अशा पूरकांना शिशाची मर्यादा किलोमागे १०० मिलिग्रॅम आहे, फेरस कार्बोनेटला २००. त्याचा खाद्यावरील परिणाम स्वतः मोजून पाहावा: किलोमागे ५० मिलिग्रॅम लोहासाठी ३० टक्क्यांचे पूरक १६७ मिलिग्रॅम लागते, आणि ते शिशाच्या मर्यादेवर असले तरी खाद्यात ०.०१७ मिलिग्रॅमच शिसे जाते, तर संपूर्ण खाद्याची मर्यादा ५ आहे. नमुना एकाच पिशवीतून घेऊ नये. अनेक पिशव्यांच्या वरच्या, मधल्या आणि खालच्या थरांतून घेऊन एकत्र करावा, चार भाग करून समोरासमोरचे दोन काढून टाकत कमी करावा आणि त्याचा एक भाग मोहोरबंद करून जपून ठेवावा.

मिसळणेही तितकेच महत्त्वाचे आहे. एका वेळी मिसळलेल्या खाद्यातून दहा नमुने काढून त्यांतील लोहाचा विचरण गुणांक (प्रमाणित विचलन भागिले सरासरी) १० टक्क्यांच्या आत येतो का, ते पाहावे. हिराकस ओल धरते आणि प्रिमिक्समधील (जीवनसत्त्वे-खनिजांच्या तयार मिश्रणातील) जीवनसत्त्वे खराब करते, म्हणून ते वेगळे आणि कोरडे साठवावे. त्याची धूळ डोळ्यांना व त्वचेला झोंबते आणि काही पूरकांतील निकेल श्वासावाटे फुप्फुसात जाते, त्यामुळे पिशवी ओतणाऱ्या कामगाराला धूळरोधक मास्क, चष्मा आणि हातमोजे दिल्याशिवाय तपासणी पूर्ण झाली असे मानू नये. दूध पिणाऱ्या ग्राहकाला यातून फारसा धोका नाही, कारण आहारातील लोह वाढल्याने दुधातील लोह वाढत नाही.

पुरवठादार बदलला, नवी बोअर घेतली किंवा मुरघास सुरू केला, तर बेरीज नव्याने मांडावी.