आरओएचएसचा रिपोर्ट आहे, तरी माल अडतो? या चुका टाळा

युरोपची ऑर्डर मिळाली की वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या छोट्या युनिटात आधी धावपळ होते ती आरओएचएसच्या, म्हणजे इलेक्ट्रिक-इलेक्ट्रॉनिक मालातल्या घातक पदार्थांवर मर्यादा घालणाऱ्या युरोपच्या नियमाच्या, रिपोर्टसाठी. रिपोर्ट येतोही. पण तो नेमका कशाचा, हे कुणी बघत नाही.

मर्यादा अख्ख्या वस्तूच्या वजनावर नसते. कापून, खरवडून, दळून पुढे वेगळा करता येत नाही, अशा प्रत्येक एकजिनसी पदार्थावर ती लागते. शिसं, पारा, सहा-संयुजी क्रोमियम, पीबीबी आणि पीबीडीई (प्लास्टिकला आग लागू नये म्हणून घालतात ती ब्रोमीनची रसायनं) आणि चार थॅलेट (प्लास्टिक मऊ करणारी रसायनं) यांना प्रत्येकी 0.1 टक्के, कॅडमियमला 0.01. समजा, 200 ग्रॅमच्या चार्जरच्या वायरवर 1 ग्रॅम पीव्हीसी आहे आणि त्यात 2 टक्के डीईएचपी, म्हणजे त्या चारपैकी एक थॅलेट. चार्जरच्या वजनाने भागलं तर आकडा 0.01 टक्के, मजेत पास. नियमाने मात्र ते आवरण मर्यादेच्या वीसपट. म्हणून अख्खा चार्जर दळून केलेल्या चाचणीवर पैसे घालवू नका. तांबं, आवरण, वरची शाई वेगवेगळी तपासून घ्या.

वायरवाल्याचा रिपोर्ट जुना असेल तर त्यात थॅलेट आहेत का तेही पाहा. युरोपात बहुतेक उपकरणांना त्यांची मर्यादा 22 जुलै 2019 पासून लागू आहे. आपल्या 2022 च्या ई-कचरा नियमांत मूळचे सहाच पदार्थ आहेत, त्यामुळे 'इथे चालतं' हे उत्तर तिकडे चालत नाही.

एक्सआरएफ गन, म्हणजे क्ष-किरणांनी धातू-प्लास्टिकातली मूलद्रव्यं मोजणारं हातातलं यंत्र, झटपट आहे, पण ती एकूण क्रोमियम दाखवते, सहा-संयुजी किती ते नाही. पिवळ्या पॅसिवेशनचा (प्लेटिंगवर गंज रोखायला दिलेल्या क्रोमियमच्या थराचा) स्क्रू दिसला की तो सहा-संयुजीच असणार म्हणून लोक घाबरतात. तो रंग तीन-संयुजी पॅसिवेशनवर डाय चढवूनही येतो. निकाल रासायनिक चाचणीचाच धरा.

जामनगरच्या पितळी टर्मिनलात 2-3 टक्के शिसं निघालं तर माल लगेच बाद करू नका. तांब्याच्या मिश्रधातूला आरओएचएसच्या 6(सी) या सवलतीखाली 4 टक्क्यांपर्यंत मुभा आहे. सवलतीचा क्रमांक डिक्लेरेशनमध्ये लिहा आणि ती अजून चालू आहे ना, ते दर ऑर्डरला बघा. रीच हा युरोपचा रसायनांचा कायदा वेगळा: सवलत असली तरी 0.1 टक्क्यावरचं शिसं गिऱ्हाइकाला कळवावंच लागतं.

सगळ्यात चीड आणणारी चूक सोल्डरिंगच्या टेबलावर होते. शिसं नसलेलं सोल्डर 217 अंशांच्या आसपास वितळायला लागतं, जुनं 63/37 (63 टक्के कथील, 37 टक्के शिसं) 183 अंशांना. नवा सांधा मंद दिसतो, कारागिराला तो कच्चा वाटतो, आणि तो जुन्या, शिशाच्या सोल्डर वायरीने टचअप मारतो. झालं, त्या सांध्यात शिसं आलं! एक्सपोर्टच्या टेबलावर जुन्या वायरीचं रीळ ठेवूच नका; सोल्डरिंग आयर्नचं बिट, स्पंज आणि वितळलेलं सोल्डर ओढून घेणारा सकरही वेगळे ठेवा.