पार्किन्सन्समध्ये बोलणं पुसट होतं तेव्हा या चुका टाळा

सगळ्यात जास्त दिसणारी आणि सगळ्यात जास्त भांडणं लावणारी चूक म्हणजे दिवसभर "अहो, जरा मोठ्यानं बोला ना" असं म्हणत राहणं. माणूस एक वाक्य मोठ्यानं बोलतो, दुसऱ्या वाक्याला आवाज पुन्हा खाली येतो. मग घरचे म्हणतात, मुद्दाम करतात. मुद्दाम कोणी करत नाही.

माझ्याकडे स्पीच थेरपीसाठी एक निवृत्त शिक्षक आले होते. त्यांचं ठाम मत, "माझा आवाज ठीक आहे, हिचेच कान गेलेत." त्यांच्या पत्नीच्या कानाची तपासणीही करून झाली होती, रिपोर्ट वयाच्या मानाने नॉर्मल. मी फोनवर त्यांचं बोलणं रेकॉर्ड केलं आणि ऐकवलं. ते म्हणाले, "फोन लांब होता." मग फोन टेबलावर आमच्या दोघांच्या बरोबर मध्ये ठेवला आणि पेपरातलं एकच वाक्य दोघांनी वाचलं. माझं वाक्य स्वच्छ, त्यांचं निम्म्यातच विरलेलं. ते गप्प झाले. नंतर मी सांगितलं, "आता ओरडतोय असं वाटेल इतक्या मोठ्यानं बोला." ते बोलले आणि लगेच संकोचून म्हणाले, "हे फारच झालं." शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "अहो, हा तर तुमचा पूर्वीचा नेहमीचा आवाज!"

दुखणं नेमकं इथे आहे. पार्किन्सन्समध्ये मेंदूतल्या, हालचालींना लागणारं डोपामाईन हे रसायन बनवणाऱ्या पेशी कमी होतात आणि हालचालींचं माप लहान होतं. पाऊल आखूड पडतं, अक्षर बारीक होतं, तसंच जीभ, ओठ आणि स्वरतंतूंचंही होतं. 'क' म्हणताना जिभेचा मागचा भाग टाळूला पुरता टेकायला हवा. तो अलीकडेच थांबला की फटीतून हवा निसटते आणि 'काकडी' घोगरट, अस्पष्ट येते. ओठ नीट मिटले नाहीत की 'बाबा' 'वावा'सारखं ऐकू येतं. त्यात स्वतःच्या आवाजाचा अंदाजही चुकतो, म्हणून रुग्णाला सगळं ठीकच वाटतं. माझी सवय अशी की पहिल्याच भेटीत रेकॉर्डिंग ऐकवायचं आणि घरच्यांना सांगायचं, "मोठ्यानं बोला" ऐवजी "ओरडल्यासारखं वाटू दे" म्हणा. फक्त घसा ताणायचा नाही, आधी पोटभर श्वास घ्यायचा.

दुसरी चूक, जी बघून मला खरंच वाईट वाटतं: जिभेचे व्यायाम. कुठल्यातरी व्हिडिओत पाहून लोक जीभ डावीकडे-उजवीकडे फिरवतात, फुगे फुगवतात, दातात पेन्सिल धरून वाचतात. बोलणं सुधारायचं तर बोलण्याचाच सराव लागतो. १९७८ साली २०० रुग्णांवर झालेल्या एका अभ्यासात ८९ टक्के जणांच्या आवाजात दोष होता आणि उच्चारांत ४५ टक्के जणांच्या. म्हणजे आधी आवाज धरा. मोठ्यानं बोलताना तोंड आपसूक जास्त उघडतं, जीभ जास्त फिरते आणि उच्चारही सुधारतात. अमेरिकेत लॉरेन रमिग आणि सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात याच तत्त्वावर एलएसव्हीटी लाऊड ही पद्धत उभी केली: आठवड्याला ४ दिवस, रोज १ तास, असे ४ आठवडे आणि शिवाय घरी रोजचा सराव. हे ऐकलं की लोक विचारतात, "आठवड्यातून एकदा आलं तर चालेल का?" सवयीचं माप बदलायचं आहे, तिथे असा शॉर्टकट चालत नाही. चार दिवस करून "फरक नाही" म्हणून सोडणाऱ्यांना मी दर वेळी हेच सांगते.

घरच्या सरावाला मी लांब 'आ' देते आणि रोज लागणारी दहा वाक्यं, ज्याची त्याची: "दूध आलं का?", "रिक्षा डावीकडे घ्या", नातवाला मारायची हाक. रामरक्षा किंवा आरती मी सरावाला देत नाही. पाठ असलेलं बोलताना बरेच जण वेग धरतात, शब्द एकमेकांवर चढतात आणि घरच्यांना वाटतं, बोलणं छान चाललंय. पेपरातली बातमी किंवा किराण्याची यादी बरी.

बाकीचं थोडक्यात. त्यांचं वाक्य तुम्ही पुरं करू नका, थांबा. स्वयंपाकघरातून, मिक्सर चालू असताना प्रश्न विचारू नका, समोर येऊन बसा. चेहरा निर्विकार दिसतो म्हणून त्यांना कळत नाही किंवा रस नाही, असं धरू नका. चेहऱ्याचे स्नायूही याच आजारात आखडतात. सराव गोळीचा असर चांगला असताना करा. बोलणं सुधारावं म्हणून लेव्होडोपाचा (पार्किन्सन्सच्या नेहमीच्या गोळीचा) डोस स्वतःहून वाढवू नका. हातापायांना त्या गोळीचा जसा फायदा होतो, तसा बोलण्याला होईलच असं नाही. डीबीएसची (मेंदूत तारा बसवून विजेचे सौम्य झटके देण्याची) शस्त्रक्रिया ठरत असेल तर बोलण्याबद्दल न्यूरोसर्जनला आधीच स्पष्ट विचारा, कारण कंप कमी होऊनही काहींचं बोलणं नंतर बिघडतं.

आणि चहा-पाणी पिताना ठसका लागत असेल, जेवल्यावर आवाज ओलसर, घशात पाणी अडकल्यासारखा येत असेल, तर "वयाचं आहे" म्हणून सोडू नका. बोलायला आणि गिळायला बरेचसे स्नायू तेच लागतात. घास किंवा पाणी श्वासनलिकेत गेलं तर न्यूमोनिया होऊ शकतो. गिळण्याची तपासणी त्याच आठवड्यात करून घ्या.